एका दाताचा फरक

टायमिंग बेल्ट बदलणं म्हणजे काही मोठं काम नाही! त्या शनिवारी सकाळी मी आईला हे छातीठोकपणे सांगितलं. इंजिनातला दातेरी रबरी पट्टा काढायचा, नवा बसवायचा. त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप गळत होता, जाता जाता तोही बदलायचा. जेवणाच्या वेळेपर्यंत हात धुऊन मोकळं!

"तू बदलणार?" आईने विचारलं.

"मी. पुस्तक वाचलंय मी सगळं."

"तू पोहण्याचंही पुस्तक वाचलं होतंस."

मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गाडी बाबांची. ते गेल्यापासून अंगणात उभी होती आणि हिरवं पाणी गाळत होती. गॅरेजवाल्याने येऊन बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आम्हाला बाजूला बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आता काही उपयोग नाही." हे वाक्य आम्ही त्याच वर्षी आधी एकदा ऐकलं होतं.

मग काका म्हणाले, "वहिनी, रविवारी भंगारवाल्याला बोलावतो. त्याआधी चालू झाली तर ठेवा. माझं काही म्हणणं नाही."

आई एवढंच म्हणाली, "गाडी जाणार नाही."

म्हणून मी गाडीदुरुस्तीचं पुस्तक उघडलं.

पट्टा काढायचा तर इंजिनाचा एक आधार सोडवावा लागतो आणि तोवर इंजिन खालून जॅकने पेलून धरावं लागतं. मध्ये लाकडाचा ठोकळा हवा. ठोकळा नव्हता. मी ज्ञानकोशाचा दुसरा खंड आणला.

"अगं, बाबांचा ज्ञानकोश!"

"तूच म्हणायचीस ना, ही पुस्तकं नुसती जागा अडवतात?"

इंजिन दुसऱ्या खंडावर अलगद टेकलं. ज्ञानाचा इतका भक्कम आधार मला आजवर कधी मिळाला नव्हता! हिरवं पाणी माझ्या लहानपणच्या टबात काढून ठेवलं. सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं.

मग पट्टा फिरवणाऱ्या खालच्या दातेरी चाकाचा बोल्ट आला. तो बाबांनी आवळलेला होता.

बाबांनी आवळणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. त्यांनी दुरुस्त केलेला नळ दोन हातांनी सोडावा लागे. स्वयंपाकघरात त्यांनी झाकण लावलेली एक बरणी अजून तशीच आहे. आत काय आहे ते आम्ही विसरलो आहोत.

मी पान्याला लोंबकळले. बोल्ट हलला नाही. दिवाणखान्यातला पडद्याचा लोखंडी दांडा काढून पान्यावर चढवला आणि पुन्हा लोंबकळले. मग आईही लोंबकळली. आम्ही दोघी त्या दांड्यावर दोरीवर वाळत घातलेल्या चादरींसारख्या झुलत होतो, तेवढ्यात समोरच्या गॅलरीत निवृत्त प्राचार्य वर्तमानपत्र घेऊन आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र मिटलं.

"व्यायाम का?"

"हो!" आई म्हणाली आणि त्याच क्षणी बोल्ट सुटला. आम्ही दोघी जमिनीवर!

आता पट्टा आणि त्याची चाकं समोर होती. वर्षानुवर्षांचं काळं वंगण बसलेलं. मी शहाण्यासारखा आधी फोटो काढला. मग त्याहून शहाण्यासारखं थिनर घेऊन सगळं आरशासारखं चकचकीत केलं. शेवटी हातातून एक नट निसटला, तो शोधायला गाडीखाली शिरले.

आई विजेरी घेऊन आली. तिने इंजिनात उजेड पाडला.

"लाल खूण कुठाय?"

"कसली लाल खूण?"

"वरच्या चाकावरची. माझ्या नेलपॉलिशने केली होती त्यांनी. दर वेळी त्या खुणेवरच तर पट्टा बसवायचे."

थिनरने तीही पुसली गेली होती. आई स्टुलावर बसली, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मला बाहेर यायचा धीर होईना.

प्राचार्यांना गॅलरीतून दिसलं ते एवढंच: गाडीखालून निघालेले, न हलणारे दोन पाय आणि शेजारी हंबरडा फोडणारी आई. त्यांनी काकांना फोन केला.

काका आले ते एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून! येताच त्यांनी माझे पाय धरून मला खसकन बाहेर ओढलं.

"काका, काय करताय?"

"जिवंत आहेस?"

"नट शोधत होते!"

काका टबाच्या काठावर टेकले. काठ वाकला. हिरवं पाणी आधी त्यांच्या विजारीत आणि मग अंगणात गेलं.

शेवटी मोबाइलमधला फोटो मोठा करून तिघांनी पाहिला. लाल ठिपका होता. शेजारीच कंपनीची कोरलेली खाचही होती. दोघांत बरोबर एका दाताचं अंतर.

"खुणेवर बसव," आई म्हणाली.

"पुस्तकात खाच सांगितलीय, आई."

"दादा चुकेल? तो गाडीच्या नसा ओळखायचा!" काका.

"चुकलं तर इंजिन आतल्या आत मोडेल. मग भंगारच."

मी नवा पंप बसवला. पट्टा खाचेवर घातला. पुस्तकाने सांगितल्याप्रमाणे इंजिन पान्याने हळूहळू फिरवून पाहिलं, डोळे मिटून. कुठेही अडलं नाही. बाकीचं जोडलं, नवं पाणी भरलं, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

गाडीने अशी डरकाळी फोडली की काका पायरीवर चढले! मी धावत जाऊन इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा कार्बोरेटरचा स्क्रू पिळला. तो बाबांनी कमालीचा वर चढवून ठेवला होता. आवाज उतरला, अजून उतरला, आणि गाडी शांतपणे चालू राहिली. शिलाई मशीन चालावं तशी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबांचा पट्टा कायम एका दाताने चुकलेला होता. आणि दर रविवारी ते बॉनेटमध्ये डोकं घालून जे काय करायचे, हा स्क्रू थोडा, तो थोडा, त्यातून त्या एका दाताची भरपाई करत होते. त्या चुकलेल्या इंजिनावर त्यांनी आम्हाला डोंगर चढवले, परीक्षांना पोचवलं, दवाखान्यात नेलं. एकदाही रस्त्यात सोडलं नाही. पुस्तक वाचून पट्टा कुणीही बसवेल. हे मला सात जन्मांत जमलं नसतं.

"जिंकलीस पोरी!" काका म्हणाले. "भंगारवाल्याला नको सांगतो."

आई गाडीकडे बघत होती. "खोकत का नाही?"

आमची गाडी खोकायची. सुरू होताना दोनदा, मग वळणावर एकदा. आई गल्लीच्या तोंडाशी खोकला ऐकून चहा टाकायची.

"बरी झाली, आई. आता नाही खोकणार."

"मग द्या भंगारात," आई म्हणाली. "ही त्यांची नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. त्यांनी विजार वर खोचली आणि पडद्याचा दांडा उचलला.

सगळं पुन्हा उघडलं. पहिल्या खेपेला मी चुकीच्या बाजूला चुकले, तर गाडी ढिम्म! दुसऱ्या खेपेला बाबांच्या बाजूला चुकले, स्क्रू होता तितका वर नेला, किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. आईने विजेरी बंद केली. बराच वेळ तिने ती उगाचच धरली होती.

"राहू दे गाडी," काका नाक शिंकरत म्हणाले. "चला, बसा! एक चक्कर मारू!"

आई पुढे बसली, नेहमीच्या जागी. मी मागे, खिडकीशी. काका दुसऱ्या खिडकीशी. दारं लागली. गाडी चालू होती. आम्ही वाट पाहत होतो.

"काका, तुम्हाला येते ना चालवायला?"

"मला? दादा असताना मी कशाला शिकू? तुला?"

मी आईकडे पाहिलं. आईने समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं.

आमच्या अख्ख्या घरात गाडी चालवणारा एकच माणूस होता.

"कुठे निघाली मंडळी?" गॅलरीतून प्राचार्यांनी विचारलं.

काकांनी काच खाली केली. "अजून ठरायचंय!"