उदारामांचा होकार

"पाच मिनिटं द्या मला, फक्त पाच," चेतना म्हणाली. "हा प्रकार बंद करूनच दाखवते."

गोंदियाच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवत होती. मागच्या बाकावर पेंगणाऱ्या पोरांना तिने दोलक समजावला होता. नवेगाव बांधच्या आपल्याच माणसांना समजावणं काय अवघड?

प्रकार असा होता. बाबांची तेरवी आटोपली आणि फोटो लावायची वेळ आली. फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. बाबांच्या, म्हणजे उदारामांच्या, खांद्यावर कुण्या परक्या माणसाची तीन बोटं तशीच राहून गेली होती. मातीच्या भिंतीत खिळा काही टिकेना. मग टिकाराममामांनी झुल्याची उरलेली दोरी घेतली, आणि ओसरीतला झुला ज्या लाकडी मयालीला, म्हणजे छताच्या तुळईला, टांगला होता, तिलाच शेजारी फोटोही टांगला. झुल्यावर बसलं की उदाराम अगदी खांद्याला खांदा लावून.

मामा लगेच बसले, दोन झोके घेतले आणि सहज म्हणाले, "भाऊजी, औंदा बांधी मीच करतो. बाईले कायले तरास?"

फोटो हलला. आधी हळूच, मग मागेपुढे, चांगली मान डोलावल्यासारखा.

हयातीत उदारामांनी या मेव्हण्याच्या एकाही बेताला मान हलवली नव्हती. धानाच्या बांधीत सोडाच, तिच्या धुऱ्यावरही त्याला पाय ठेवू दिला नव्हता. मेल्यावर मात्र माणूस एकदम समजूतदार झाला. मामांनी पाण्याचा पंप मागितला. फोटोने तोही दिला.

मग गाव लोटलं. शेजारच्या निर्मलाबाई सुनेला माहेरी पाठवू का म्हणून विचारून गेल्या. बोअर मारू का, हे विचारायला बकाराम लिंबू आणि नारळ घेऊन आला. होकार सगळ्यांनाच मिळाला. उदारामांच्या तोंडून नकार म्हणून येईना.

चेतनाची पंचाईत वेगळी होती. तिला आईला गोंदियाजवळ कुडव्याला आपल्या घरी न्यायचं होतं. बॅगसुद्धा काढून ठेवली होती. आणि अनुसयाबाई ओसरी सोडायला तयार नव्हत्या. "ते बोलून राहिले अन् मी कुठं जाऊ?"

म्हणून ही पाच मिनिटं.

"हे बघा. दोन्ही सारख्याच लांबीच्या दोरीवर आहेत, म्हणून दोन्ही एकाच तालात झुलतात. झुला हलला की मयाल किंचित हलते, आणि झुल्याचा जोर फोटोत उतरतो. बाबांचा यात काही संबंध नाही."

तिने रिकामा झुला ढकलला. फोटो हलू लागला. झुला मंद होत होत थांबला.

"पाहिलं? सगळा जोर तिकडे गेला."

मंडळींनी माना डोलावल्या. पण निसर्गनियम अर्ध्यावर थांबत नाहीत. थोड्या वेळाने फोटो मंदावला, आणि रिकामा झुला आपला आपण हलू लागला.

निर्मलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "वैनी, बसले पाहा भाऊजी झुल्यावर."

"काकू, तो जोर परत आला."

"तेच तं म्हणून राहिली मी. परत आले."

मामांनी झुल्याला वाकून नमस्कार केला. चेतनाने दात आवळले, स्टूल ओढलं आणि फोटोची दोरी आखडून त्याला वर घेतलं. "आता झुला, मामा."

मामा झुलले. घाम फुटेस्तोवर झुलले. फोटो ढिम्म.

"झालं," चेतना म्हणाली. "लांबी बदलली, ताल तुटला."

"रुसले," अनुसयाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"आई, रुसणार कसे?"

"कसे म्हणजे? बसल्या माणसाले उचलून वर लटकवलंस. तुले लटकवलं असतं तं?"

निर्मलाबाईंना सुनेची काळजी, मामांना पंपाची. सगळे चेतनाकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू तिनेच बाबांना घालवलं. ती पुन्हा स्टुलावर चढली. गाठ सोडताना चौकट अगदी डोळ्यांसमोर आली. तिने ओढणीने काच पुसली. ती तीन बोटंही पुसली. मग दोरी होती तेवढी सोडली.

आणि खाली उतरता उतरता तिच्या मनात शिक्षकाच्या मनात येऊ नये असा विचार आला.

ती झुल्यावर बसली. "बाबा, आईला कुडव्याला नेऊ ना?" आणि पायाने जमीन रेटली.

फोटोने सुरेख मान डोलावली.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "हो म्हणाले." मामांचा चेहरा खुलला. निर्मलाबाई बॅगेत भरायला अनुसयाबाईंची लुगडी घडी करायला उठल्यासुद्धा.

अनुसयाबाईंनी तोंड वळवलं. मयालीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मग लेकीच्या पायांकडे.

"सरक. मले बसू दे."

त्या बसल्या, निऱ्या आवरल्या आणि पायाने असा रेटा दिला की मयाल कुरकुरली. "अजी, मी इथंच राहू नं?"

फोटो डोलला.

"अन् बांधी मीच करू नं?"

फोटो इतका डोलला की चौकटीवरचा हार घसरून पुढे आला.

"पण बाई," मामा म्हणाले, "मले तं ते..."

"तुले काय म्हणाले ते राहू दे. आता काय म्हणून राहिले ते पाह."

"आई, तो होकार नाही गं," चेतना न राहवून म्हणाली. "तो नुसता जोर..."

"मंग तुया वेळेस काय होता?"

चेतनाने स्टूल उचलून बाजूला ठेवलं. मामा ताटकळत विचारू लागले, आपली पाळी परत कधी? अनुसयाबाई उतरायचं नाव घेईनात. झोके घेत त्या हळू आवाजात नवऱ्याशी बोलत होत्या: धानाच्या रोवण्याचं, गाईचं, कोण कोण येऊन गेलं त्याचं.

"अन् पोरीच्या हातची भाजी खारट होऊन राहिली, नाही जी?"

फोटो हलला.

चेतना चुलीकडे गेली आणि तिने भाजीत एक बटाटा टाकला.