सरकारी मोटारीस कापरे भरले त्याची खरी हकिकत

श्री. ज्याच्या कृपेने चाक फिरते आणि ज्याच्या कोपाने फिरते चाक अडते, त्यास दंडवत घालून, आणि ऐकणारांनी कान द्यावा पण सांगणाराचे तोंड पाहू नये ऐसी विनंती करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, बुधवार, ते दिवसापासून जे वर्तमान जाहले ते लिहितो. याच गोष्टीचा एक कागद पूर्वी दफ्तरी दाखल आहे. तो सुवाच्य आहे, मोहरबंद आहे आणि खोटा आहे. तो ज्याने लिहिला त्यानेच हा लिहिला.

राज्य लहान, परंतु डौल मोठा. सरकारचे पदरी एक पांढरी मोटार होती, ती बहुत जुनी, आणि तिचा क्लच झिजून चढावर इंजिन गर्जना करी पण गाडी जागची हालेना. दसऱ्यास सरकारचे नवे व्याही येणार आणि त्यांसमवेत मोटारीत बसून शिलंगणास जावे ऐसी मर्जी जाहली, म्हणून शहरातून नवी क्लचप्लेट आणविली. मोटारखान्यावर दस्तगीर मिस्त्री म्हणून कारागीर होता, बावीस वर्षे चाकरीत, त्याने गिअरबॉक्स उतरवून ठेविला आणि नवमीस दोन प्रहरी जेवावयास घरी जाताना मज चिटणिसास म्हणाला, "चिटणीस सायेब, खोकं उघडलंय. पर त्या प्लेटीला कुणाचं बोट लागू देऊ नगा. तेल म्हंजे तिला इख हाय." आम्ही म्हटले, "जा बिनघोर." तो गेला आणि आम्ही राखणीस बसलो. आता तो दिवस खंडेनवमीचा. देवघरापुढे तलवारी मांडिल्या होत्या, दौत-लेखणी मांडिली होती, मिस्त्रीचे पाने-पकडसुद्धा पाटावर होते, आणि मनात आले की सर्व हत्यारांची पूजा जाहली आणि ज्या नव्या वस्तूवर उद्याची सारी स्वारी अवलंबून तीच तेवढी उपाशी राहावी हे बरे दिसत नाही. मग गोड्या तेलात कुंकू कालविले, आणि बोटाने प्लेटीवर स्वस्तिक काढिले, आणि चार अक्षता टाकून हात जोडिले. हात जोडलेले असतानाच मिस्त्रीचे बोलणे आठविले. मग उपरण्याचे टोकाने ते स्वस्तिक पुसले, आणि पुसता पुसता तेल आणखीच जिरविले, आणि वरून काही दिसेनासे जाहले तेव्हा प्लेट खोक्यात घालून वर कागद पसरिला. पूजा केली देवाच्या नावाने आणि पुसली मात्र चोरासारखी. मिस्त्री जेवून आला, त्याने प्लेट उजेडात नीट पाहिली नाही, कारण राखणीस चिटणीस बसला होता, आणि सांजवेळेपावेतो गाडी जोडिली.

दशमीस खासा स्वारी निघाली. मागे सरकार आणि व्याही, पुढे आम्ही, चालविण्यास मिस्त्री. त्याने पहिला गिअर घालून क्लच सोडिला तो गाडीस हिवताप भरल्यासारखे कापरे भरले, सरकारचा मंदील कपाळावर आला आणि व्याह्यांचे हातातील आपट्याची पाने मांडीवर सांडली. गाडी वेग धरी तेव्हा शांत होई, परंतु वाटेत माणसे मुजऱ्यास आडवी येत, गाडी थांबवावी लागे, आणि निघताना पुन्हा तोच थरकाप. व्याही हसून बोलिले, "गाडी आमच्याकडं यायला नको म्हणतेय की काय?" सरकार हसले, परंतु ते हसणे दातांपावेतोच होते, आणि मिस्त्रीची मान मागून लाल दिसत होती. आम्ही समोर रस्ता पाहात राहिलो.

शिलंगणाहून परतल्यावर मिस्त्रीने इंजिनाचे रबर तपासिले, केबल तपासिली, आणि मग मजजवळ येऊन विचारले, "प्लेटीला कुणी हात लावला का?" आम्ही म्हटले, "नाही." मग कोणी म्हणाले, प्लेट नवी आहे, चालून चालून बसेल, म्हणून त्याने चार दिवस गाडी फिरविली. कापरे कमी होईना. त्याने पुन्हा विचारले, आम्ही पुन्हा नाही म्हटले, आणि या खेपेस तोंड अधिक सराईतपणे चालले. पाचवे दिवशी सरकारांनी सदरेवर जाब विचारिला, आणि मिस्त्री सर्वांदेखत मजकडे वळून बोलिला, "सायेब, तुमी राखणीला हुता. आठवून सांगा." आम्ही आठवत असल्याचे सोंग केले आणि तिसऱ्यांदा नाही म्हटले. तेव्हा सरकार बोलिले, "मग तुझाच हात बिघडला." मोटारखान्याच्या किल्ल्या काढून घेतल्या, आणि दस्तगीर मिस्त्रीचा हात कामास राहिला नाही ऐसा कागद लिहिण्याची आज्ञा मज जाहली. चोर सोडून संन्याशास फाशी म्हणतात, येथे फाशीचा हुकूमही चोरानेच लिहिला. अक्षर तेवढे छान आले.

मिस्त्रीने एकच मागितले, की जाण्याआधी गाडी एकदा उघडू द्यावी. ते मंजूर जाहले. त्याने सकाळपासून खपून एकट्याने गिअरबॉक्स उतरविला आणि दुपार कलता मज बोलावून घेतले. प्लेट त्याचे हातात होती. वर तेल जळून चकाकी धरली होती, त्यानेच ती धरी आणि सुटे, आणि रिव्हेटींच्या भोकांतून तांबडे कुंकू तेलात चिकटून बसले होते. एका भोकात अक्षतेचा तुकडाही होता. तो मोठ्याने बोलिला असता तर बरे होते. म्हणाला, "मी तीनदा इचारलं, सायेब. पयल्यांदा सांगितलं असतं तर दोन दिसांत दुसरी आणून बसवली असती. देवाचंच केलं हुतं, त्यात लपवायसारखं काय हुतं?" 

मग आम्ही सरकारांपुढे जाऊन सारे कबूल केले. वाटले, सरकार रागे भरतील. ते रागे भरले नाहीत, हेच वाईट जाहले. बोलिले, "चिटणीस, मिस्त्रीचा हात बिघडला असं व्याह्यांना सांगून झालंय. आता आमच्याच घरच्या पूजेनं गाडी बिघडली म्हणून सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याची चूक माफ केली म्हणा, शेला द्या, किल्ल्या द्या." तोवर मिस्त्रीने दुसरी प्लेट आणवून, फ्लायव्हील स्वच्छ पुसून, प्लेट कडेने धरून बसविली, आणि गाडी निघाली ती दुधावरची साय न हालावी ऐसी. दुसरे दिवशी सदर भरली, आम्ही माफीचा कागद वाचिला आणि शेला पुढे केला. मिस्त्री हात मागेच ठेवून म्हणाला, "सरकार, चूक माफ केली म्हणता. ती कंची चूक तेवढं सांगा, मंग घेतो." सरकारांनी मजकडे पाहिले. आम्ही कागदाकडे पाहिले, जणू उत्तर त्यात लिहिले आहे. मिस्त्रीने मुजरा केला, पान्यांची पिशवी उचलली आणि गेला. पुढे कोणी विचारिले की दस्तगीरने सरकारी चाकरी का सोडिली, तर गावात सांगत, हात बिघडला होता म्हणून.

तात्पर्य, दोष मिस्त्रीचा नव्हता, प्लेटीचा नव्हता, पूजेचाही फारसा नव्हता. तीन वेळा जो नाही म्हणाला त्याचा होता. त्याचे नाव घालावे म्हणून या कागदाच्या शेवटी एक ओळ सोडिली. पाच महिने जाहले, लेखणी भिजवून बसतो आणि उठतो. ओळ कोरीच आहे.