माझी नजर हेच मशीन

नवा गेमिंग मॉनिटर घरात आला आणि नवऱ्याने जाहीर करून टाकलं, "रंग मी जुळवतो. त्यासाठी मशीन-बिशीन भाड्याने आणायचं नाही. माझी नजर हेच मशीन!"

बायको फोटोग्राफर. दवाखान्याच्या भिंतीवर लावायचे डॉक्टरांचे फोटो, हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम, आणि ते याच मॉनिटरवर व्हायचं होतं. नवऱ्याने मागच्या महिन्यात आणलेले पडदे बघून तिला त्या नजरेबद्दल शंका होती. पण स्वारी इतकी खुशीत होती की तिला मोडता घालवेना.

सुरुवात गॅमापासून, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी छटा नीट वेगळ्या दिसाव्यात म्हणून. एक डोळा मिटून, मान वाकडी करून त्याने बटणं दाबली. मग पांढरा. तो काही केल्या पिवळटच दिसे. त्याने निळा वाढवला. आणखी वाढवला. शेवटी पांढरा दुधासारखा दिसला तेव्हा त्याने ऐटीत चहा मागितला, आणि तो स्वतःच करून प्यायला.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अरे, सगळे डॉक्टर निळे दिसतायत. थंडीने काकडल्यासारखे."

"मॉनिटर अचूक आहे. तुझा कॅमेराच निळा मारतो. तू पिवळा वाढव."

तिने विश्वास ठेवला. पिवळा वाढवला, फाइली छपाईवाल्याकडे धाडल्या. त्याने मोठमोठे फोटो छापून थेट दवाखान्यात टांगले.

मोठ्या डॉक्टरबाईंचा फोन आला: ताबडतोब या. बायकोचा चेहरा उतरला.

"चल, मी बघतो कोण काय बोलतं ते," म्हणत नवराही निघाला.

दवाखान्यात शिरताच त्याने भिंतीवरून नजर फिरवली. "झकास आलेत की."

"झकास?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "सकाळपासून पेशंट विचारतायत, इथल्या सगळ्या डॉक्टरांना कावीळ झालीय का. एक जण तर दारातूनच परत गेले."

"छपाईवाल्याचा घोळ. मॉनिटर मी स्वतः जुळवलाय."

बाईंनी त्याला निरखून पाहिलं. "जुळवताना हा चष्मा डोळ्यांवर होता?"

गेम खेळताना डोळे दुखू नयेत म्हणून घेतलेला पिवळ्या काचांचा चष्मा! तो आपल्याला शोभतो असं वाटल्यापासून नवरा फक्त आंघोळीपुरता काढायचा.

त्याने चष्मा उतरवला. भिंत पांढरीशुभ्र झाली. फोटो पिवळेच राहिले.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात बायको मान खाली घालून उभी. चूक तिची नव्हती आणि मान तिची खाली होती, हे त्याला सोसवेना.

"बाई, तिला बरोबर दिसत होतं," तो पुटपुटला. "मीच तिला गप्प केलं."

"मग फोटो पुन्हा छापून आणा," बाई बायकोला म्हणाल्या. "काम तुमचंच. फक्त यांना मॉनिटरपासून लांब ठेवा."

संध्याकाळी रंग मोजायचं भाड्याचं मशीन आलं. बायकोने ते स्क्रीनवर लावलं. नवरा दाराशी घुटमळत होता.

"मी काही करू?"

"उजेड येतोय. पडदा ओढ."

तो निमूट खिडकीशी गेला, पडदा हातात धरला आणि तसाच उभा राहिला.

"अगं, हे राखाडी होते ना? जांभळे कसे झाले?"

"तूच आणलेस," बायको म्हणाली. "ओढ आता."