माल एक नंबर, पन बसंना

गंगाधर मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, झाकण असायचं. काळं, मोठ्या पेढ्याएवढं, आतून आटे पाडलेलं. कुणाकडे दुर्बीण दिसो, बॅटरी दिसो, नाहीतर औषधाची बाटली, मास्तर झाकण काढून तिच्यावर फिरवून बघायचे. एकदा माझ्या सासूबाईंच्या तपकिरीच्या डबीवर ते घट्ट बसलं. मास्तर हळहळले. "आटे बिलकुल बराबर हायेत हो, पन ह्यातून दिसंल काय?"

"नाक दिसंल," सासूबाई म्हणाल्या.

गावात रंगीत टीव्ही नुकता आला होता, तेव्हाचं हे वडीगोद्रीचं सांगते आहे. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि बोळापलीकडे, अगदी आमच्या समोर राहायचे. जालन्याच्या एका फोटोवाल्याने धंदा गुंडाळला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी रोलचा एक जुना कॅमेरा आणला. विटेएवढा जड, परदेशी. कुठल्या देशाचा ते विचारू नका, त्यावरची अक्षरं गावात कुणालाच वाचता येत नव्हती. त्याची लेन्स लहान होती. फोटो काढायचा तर माणसापुढे जाऊन उभं राहावं लागे. मास्तरांना हवी होती लांबची लेन्स, दूरचं ओढून जवळ आणणारी. पण त्यांच्या कॅमेऱ्यावर लेन्स आट्यांनी फिरवून बसायची, आणि बाजारात आल्या होत्या सगळ्या खटक्याच्या, खट्कन अडकणाऱ्या. खिशातलं झाकण म्हणजे त्यांच्या लेन्सचं मागचं झाकण. ज्या लेन्सवर ते बसेल, ती आपली.

कुणी हैदराबादला निघो की मुंबईला, मास्तर शाडूच्या मातीत झाकणाचा ठसा घेऊन त्याच्या हातात द्यायचे. गणपतीच्या आधी एकजण तो ठसा प्रसादाचा साचा समजून पुण्याला बहिणीकडे ठेवून आला. शहागडच्या एका ट्रकवाल्याने फिरत्या टॉकीजच्या मशीनची लेन्स आणली, तिला दोन्ही हातांनी धरावं लागे. मास्तरांच्या मेव्हण्याने हैदराबादहून आणली ती मात्र खरीखुरी लांबची, पाण्यासारखी स्वच्छ. मास्तरांनी झाकण लावलं, फिरवलं, उलटं फिरवलं आणि सुस्कारा सोडला. "माल एक नंबर. पन बसंना."

हे वाक्य ते कशालाही लावायचे. हेडमास्तरांची नवी कवळी: माल एक नंबर, पन बसंना. थोरला जावई: तेच.

"एवढी कशाला हवी ती लेन्स?" असं कुणीही विचारलं की उत्तर एकच. "बगळे. शहागडला नदीत लई बगळे."

मास्तरांनी मान वर करून बगळा बघितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि इथंच माझी अक्कल धावली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. औरंगाबादेत बारावी झालेली, रंगाने उजळ, आणि ही गोष्ट विसरू नये म्हणून दिवसातून दहा वेळा आरशात बघणारी. आमच्या ह्यांचं खता-बियाण्यांचं दुकान होतं. हे दुकानात गेले की मी गच्चीवर जाऊन केस वाळवायची. समोर मास्तरांच्या माडीची खिडकी. लांबची लेन्स, बगळ्याचं निमित्त, समोर मी. हिशेब सरळ होता. मला संताप यायला हवा होता. मी मात्र आणखी एकदा केस धुतले. बगळा म्हणजे मीच, यात मला तिळभर शंका नव्हती.

मास्तरांच्या घरात अनसूयाकाकू होत्या, पण त्या माझ्या हिशेबात कुठंच नव्हत्या. काकू स्वभावाने खळखळून हसणाऱ्या. पण कॅमेरा दिसला की ओठ असे मिटायच्या, जशा तहसील कचेरीत तक्रार द्यायला आल्यात. पोरीच्या लग्नातल्या फोटोत तर त्या व्याह्यांपेक्षा जास्त रुसलेल्या दिसतात.

शेवटी मास्तर ती हैदराबादी लेन्स घेऊन नवीन जालन्यात लेथवाल्या रहीममामूकडे गेले. मामू पाण्याच्या मोटारींचे भाग बनवायचे. त्यांनी एक लोखंडी कडं कातून दिलं, एका बाजूने आट्यांचं, दुसऱ्या बाजूने खटक्याचं. आणि मास्तरांवरच्या प्रेमापोटी ते जाडजूड केलं. "दो सूत जास्ती रखा हूं मास्टरसाब, जिंदगीभर नै टूटता."

लेन्स बसली! मास्तरांनी एस. टी. स्टँडवर पेढे वाटले. घरी येऊन खिडकीतून बघितलं, तर सगळं धुकं. त्या दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचाने, घात केला होता. कड्याच्या जाडीमुळे लेन्स कॅमेऱ्यापासून पुढं सरकली आणि तिला लांबचं दिसेना. नऊ पावलांवरचं लख्ख, दहाव्या पावलापासून पुढं धुकं.

"मास्तर," आमचे हे म्हणाले, "नऊ पावलांवर बगळा कशाला येईल? चहा प्यायला?"

मास्तर हसले नाहीत. दोन दिवस शाळेतही गेले नाहीत. एवढं काय झालं माणसाला, मला कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून एक सुतळी आमच्या गच्चीवर येऊन पडली, टोकाला दगड बांधलेला. मागोमाग मास्तर आले. त्यांनी सुतळी ताणली आणि तिच्या टोकाशी खडूने फुली मारली. "सूनबाई, औंदाच्या कुरडया तुमच्या गच्चीवर घाला. काकूला बी बोलवा. फकस्त तिला सांगू नका मी खिडकीत हाय म्हणून."

"आणि काकूंना कुठं बसवू?" मी मानभावीपणे विचारलं.

"हितं, फुलीवर."

मी मनात म्हटलं, म्हातारं भलतंच हुशार! बायकोला नुसती निमित्ताला बसवून... तर ते असो. दुसऱ्या दिवशी कुरडया घालायला मी तीन साड्या बदलल्या आणि शेवटी रुखवतातली पोपटी नेसले. गव्हाच्या चिकाच्या कामाला पोपटी रेशमी! सासूबाई नुसत्या बघत राहिल्या.

काकू फुलीवर बसून सोऱ्याने कुरडया घालत होत्या. मी खिडकीच्या दिशेने मान जराशी तिरकी केली. केसांची बट सोडली. काकूंच्या पाठीमागून मी नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागं सरले, आणि ओल्या कुरडयांवरून पाय सटकून चिकाच्या परातीत बुडासकट बसले.

"अगं बया!" काकू वळल्या, मला बघितलं आणि हसायला लागल्या. हातातला सोऱ्या पडला, पदर सरकला, पुन्हा खिडकीकडे तोंड करून त्या हसतच राहिल्या. "सूनबाई, कुरडई हून बसलीस की गं! आता वाळायला किती दिवस लागतेल तुला?"

खिडकीत खट्ट झालं.

आठवड्याने मास्तर फोटो घेऊन आमच्या ओसरीवर आले. मधोमध काकू. डोळे बारीक, तोंड उघडं, पुढचे दोन दात लख्ख. असं हसू मी कुठल्याच फोटोत बघितलं नव्हतं.

"आमच्या लग्नात फोटोवाला समोर आला," मास्तर फोटोकडेच बघत म्हणाले, "तवा ही हसून राह्यली व्हती. मीच म्हनलो, तोंड मीट, दात दिसून राह्यले. मला वाटलं, फोटो चांगला यावा. त्या दिवसापासून कॅमेऱ्यापुढं तोंड मिटलं ते मिटलंच. जवळ गेलं की मिटती. मंग म्हनलं, लांबून बघू."

काकूंनी फोटो बघितला तेव्हा मी तिथंच होते. त्यांचा हात आपसूक तोंडाकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मास्तरांवर खेकसल्या, "पदर सरकलाय माझा, सांगायचं न्हाई का?" पण फोटो काही परत दिला नाही.

मास्तरांच्या खिशात त्यानंतर पेन आलं. "आणि बगळे?" मी एकदा छेडलं. "बगळ्यांना कोन म्हनलं व्हतं, तोंड मीट म्हनून, सूनबाई?" ते म्हणाले.

त्या फोटोची एक प्रत माझ्याकडे आहे. आता दोघंही नाहीत. नात परवा फोटो बघून विचारत होती, "आजी, तू कुठं आहेस यात?"

काकूंच्या खांद्यामागं एक पोपटी धुकं आहे. त्यावर मी बोट ठेवलं. काकू नवव्या पावलावर होत्या. मी दहाव्या.