शालिकभाऊंची यादी

आमच्या शेजारच्या शालिकभाऊंच्या दुकानात उंदीर निघाला, तरी ते आधी पुस्तक काढतात. वन्यजीव कायद्याचं! उंदराचं नाव यादीत नाही म्हटल्यावर हळहळत पिंजरा लावला. तोवर तूरडाळीचं अर्धं पोतं फस्त झालं होतं.

हिंगणीत राहायचं म्हणजे बोर अभयारण्याचं जंगल उशाशीच. रानडुक्कर, मोर, घोरपड, सगळे येऊन जातात, त्याचं नवल नाही. नवल या माणसाचं! बायको कधीच वारलेली, पोरंबाळं नाहीत. तुम्ही गूळ मागा, ते कलम सांगतात. माझ्या भावानं हौसेनं मोरपीस आणलं, तर भररस्त्यात त्याची उलटतपासणी. "गळलेलं हाये का उपटलेलं?"

यंदा माझ्या पोरीचं लग्न ठरलं. घर रंगवायला काढलं, तर मागच्या भिंतीच्या भोकात पिंगळ्याची जोडी. म्हणजे घुबडाचाच धाकटा भाऊ. लग्नघरात हे अवलक्षण कोण ठेवील? रंगाऱ्याला म्हटलं, बाबा, सिमेंट भर आन् मोकळा हो.

शिडी लागते न लागते तोच शालिकभाऊ दुकान उघडं टाकून हजर. शिडीला मिठीच मारली.

"वहिनी, आत अंडे हायेत. घरट्याले हात लावला तरी कायद्यात ते शिकारच!"

"भिंत माह्यी हाये ना, भाऊजी!"

"भिंत तुमची. पाखरू यादीत हाये."

माझं डोकंच फिरलं. लग्न तोंडावर, रंगारी बिडी पेटवून बसलेला, आणि हे शिडी सोडेनात.

"माह्या पोरीच्या संसाराले काही झालं, तर तुमचा कायदा येईन का निस्तराले? तुमच्या घरी असतं घुबड, मंग पाह्यलं असतं!"

त्यांनी शिडी सोडली. पुस्तक खिशातच राहिलं.

"होतं, वहिनी. तुम्ही इथं यायच्या आंधी. माही शांता बिमार होती. लोक म्हनत, हे पाखरू तिले बोलावून राह्यलं. मी काठीनं घरटं पाडलं. आत पिल्लं होते. शांता खाटेवरून पाहत होती. म्हने, त्यायनं काय केलतं हो? चार दिवसांनी गेलीच. कायदा तवाबी होता. मले अडवाले कोनी आलं नाई."

मी शिडी काढायला लावली. रंगाऱ्याला पुढच्या दारी पाठवलं.

लग्नात व्याह्यांनी विचारलंच, "मांगची भिंत काऊन रंगवली नाई?"

शालिकभाऊ माझ्याकडे बघू लागले.

"तिथं बाळंतीण हाये," मी म्हटलं.