दहाव्या बाकासाठी मयत पाहिजे

"बाग? आरं, बर्फात बंकर खणल्यात मी! बाग म्हंजी माझ्या डाव्या हातचा मळ!" सह्यशोभा सोसायटीचे नवे चेअरमन, माजी सुभेदार उदयसिंह, पहिल्याच सभेत गरजले.

सांगलीतल्या त्या कॉलनीत मोकळी जागा एकच, आणि त्यात कडुलिंबाची सहा झाडं. सहाही आप्पासोंनी लावलेली. म्हसवडकडचे हे आप्पासो उभा जन्म मेंढरांमागं उघड्यावर फिरले, आणि म्हातारपणी मुलानं त्यांना त्यांच्याच नावावरच्या घरात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं. दुपारी आत पापड भाजून निघावा! बाग झाली की लिंबाखाली दिवस काढायचे, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं.

त्याच जागेवर डोळा होता सोसायटीतल्याच जयराजचा. त्याला तिथं लग्नाचा हॉल पाहिजे होता. "झाडांचं काय घिऊन बसलाय? सकाळी तोडली की सांजच्याला मैदान!" म्हणायचा.

उदयसिंहांनी बागेतल्या झोपाळ्यासाठी वर्गणी मागितली. सगळे सभासद खाली वाकून चपला शोधायला लागले. मग ते म्हणाले, बाकावर वडिलांचं नाव कोरू. नऊ जण टुणकन उभे राहिले! ह्यातल्या निम्म्यांनी बापाला जिवंतपणी बसायला पाट दिला नव्हता. ठराव झाला: दहा बाक, प्रत्येकावर एका मयत सभासदाचं नाव.

दहा बाक आले. मयत नऊच निघाले!

दहावा बाक पुढचा दात पडल्यासारखा दिसायला लागला. सुभेदाराला रांगेतली फट सहन होईना.

"नाथाजी, भायेरचा एखादा मेलेला चालंल का?"

सेक्रेटरी नाथाजी ठरावाबाहेर शिंकतसुद्धा नसत. "आवं चेरमन, मयत सभासदच पायजे. ठराव हाय."

"मग कुणी मरंपतूर थांबायचं व्हय?"

नाथाजींनी छताकडं बघत आवाज बारीक केला. "आप्पासो दवाखान्यात हायती. डाक्टरनं पै-पावण्यांना बोलवून घ्या म्हटलंय."

दोघं शहाळी घेऊन भेटायला गेले. आप्पासोंच्या नाकात नळी, डोळे मिटलेले. उदयसिंहांनी डोळे पुसले आणि पुसता पुसता हे नाव बाकाच्या दगडावर किती ओळींत बसेल त्याचा अंदाज घेतला. दगड कोरणारा गुंडा दुसऱ्या दिवशी गावच्या जत्रेला निघाला होता, आणि एकदा गेला की महिनाभर तोंड दाखवत नसे.

"आगाऊच कोरून ठिवू," उदयसिंह म्हणाले. "आज न्हाई उद्या..."

"मग नोंदबी आगाऊच करावी लागंल. वहीत मयत लिवल्याबिगर दगड न्हाई."

"करा की मग! आणा हिकडं, सही करतो!"

झाली सही! दगडावर 'कै.' चढलं, सभासदांच्या यादीतून नाव उतरलं.

आणि आठव्या दिवशी आप्पासो रिक्षातून उतरले. आपल्या पायांनी! घरी न जाता तडक बागेत आले. भाजी घेऊन चाललेल्या चंद्राबाईंनी त्यांना बघितलं आणि वांग्याची पिशवी तिथंच टाकून घर गाठलं! आप्पासोंनी दहाव्या बाकावरचं एकेक अक्षर बोट फिरवून वाचलं.

"चेरमन," ते धावत आलेल्या उदयसिंहांना म्हणाले, "मी कवा मेलो?"

उदयसिंहांना दरदरून घाम फुटला. "आप्पा, ते... तुमच्या मानासाठी! दगड बदलून घेतो!"

"ऱ्हाऊ दे. सावली हाय न्हवं?" आणि म्हातारा स्वतःच्या नावाला पाठ टेकून निवांत बसला.

उदयसिंहांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लय लवकर टाकला!

जयराजनं सह्या गोळा करून आधीच नोटीस लावलेली खास सभा रविवारी भरली. विषय एकच: बाग की हॉल? हात वर करून मतदान. उदयसिंहांनी स्वतः मोजलं. हॉलला अठरा. बागेला पंधरा, सोळा, सतरा... आणि अगदी मागच्या खुर्चीवरून सावकाश वर आलेला अठरावा हात, आप्पासोंचा!

"अठरा-अठरा!" उदयसिंह ओरडले. "बरोबरीला चेअरमनचं जादा मत! बाग जितली!"

"थांबा," जयराज उठला. "नाथाजी, आप्पासो सभासद हायत का?"

नाथाजींनी वही उघडली, चष्मा लावला. "न्हाईत. मयत हायती. खाली चेरमनची सही हाय."

"आरं, माणूस समोर बसलाय!"

"बसंना का!" जयराज म्हणाला. "दगड कुणी बसवला, तुमीच न्हवं?"

सभा फिदीफिदी हसली. ज्यांचे बाप बाकांवर कोरलेत, ते सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"नाव परत घाला! आत्ताच्या आत्ता!"

"पुढच्या सभेत. चौदा दिसांची नोटीस लागती," नाथाजी लिहिता लिहिता म्हणाले. "आजचा निकाल: हॉल अठरा, बाग सतरा."

जयराजचा फोन केव्हाच कानाला लागला होता. "उद्या सकाळीच ये रं. सहा झाडं हायत, मोठी करवत आण."

आप्पासोंचा हात अजून वरच होता.

"चेरमन, खाली घिऊ का ह्यो? का त्यालाबी ठराव लागतोय?"

उदयसिंह उठले, खुर्च्या सारत मागच्या रांगेपर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी तो हात धरून हळूच खाली घेतला.

हात चांगला गरम होता.