लाल म्हणजे लाल

मी फक्त एवढंच म्हणालो होतो, "राहू दे, मी करतो."

अवघे चार शब्द. पण आमच्या घरात मी हे वाक्य म्हटलं की माझी बायको चारुलता हातातलं काम टाकून माझ्याकडे बघते. गॅसचा वास आल्यावर माणसं जशी बघतात, तशी.

सांगतो ती गोष्ट पंच्याण्णव सालची. आम्ही नेरुळला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मी रबाळ्याच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये क्लार्क. चारुलता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन. म्हणजे ती दिवसभर शेकडो वायरी सोल्डर करायची आणि मी दिवसभर वायरींची रिळं स्लिपवर सही घेऊन लोकांना द्यायचो. वायरीशी संबंध दोघांचाही होता. (हे वाक्य मी चारचौघांत नेहमी वापरायचो.)

चारुलताचा धाकटा भाऊ ऋषी आमच्याकडे राहून इंजिनीअरिंग करत होता. निदान फी तरी त्याचीच भरली जात होती. बाकी वेळ इलेक्ट्रिक गिटार. जवळच्याच सारसोळे गावातला निकेश ड्रम वाजवायचा, हा गिटार, आणि आणखी दोघं-तिघं मिळून त्यांचा बँड होता. बँडला पहिलं काम मिळालं ते निकेशच्याच बहिणीच्या हळदीचं. आणि नेमके त्याच आठवड्यात माझे सासरे हौसेराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, कराडहून येऊन थडकले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की पोरगा कॉलेजात कमी आणि सारसोळ्यात जास्त असतो.

"एकदा ऐकतो," अण्णा म्हणाले. "बरं वाजवलं तर ठीक. न्हाईतर ते लाकूड इथंच ठेवायचं आन् माझ्यासंगं गावाकडं चलायचं."

ऋषीचा चेहरा उतरला. हळद रविवारी. शनिवारी सकाळी तो गिटार घेऊन बहिणीपुढे उभा राहिला.

"ताई, एवढं करून दे ना. दोन हंबकर टाकायचेत."

हंबकर हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं जनावर असेल. ऋषीने समजावलं. गिटारच्या तारांखाली चुंबकावर बारीक तार गुंडाळलेली कॉइल असते, ती तारेचं थरथरणं पकडते, तिला पिकअप म्हणायचं. हंबकरमध्ये अशा दोन कॉइल शेजारी शेजारी असतात. एक विजेची जी घरघर पकडते ती दुसरी खोडून काढते, आणि सूर तेवढा भरदार होऊन बाहेर येतो. एक कॉइल बंद केली की आवाज बारीक, चकचकीत. त्यासाठी एक छोटा टॉगल स्विच बसवायचा होता. शिवाय पुढचा पिकअप, मागचा पिकअप किंवा दोन्ही मिळून, असा मोठा स्विच गिटारला होताच.

"उद्या सकाळी देते करून," चारुलता डबा भरत म्हणाली. "आज दुपारची ड्यूटी आहे."

पेपरमागून अण्णा म्हणाले, "चारूला द्या. तिला जमतंय. जावईबापूंचं काम न्हाई ते."

आणि मग मी ते वाक्य म्हणालो.

"भाऊजी, एक सांगू का?" ऋषी चाचरत म्हणाला. "हे दोन पिकअप वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. एक निकेशच्या भावाने जहाजावरून आणलाय, दुसरा एका जुन्या गिटारचा काढलाय. वायरींच्या आकृतीची झेरॉक्स एकाचीच मिळाली."

"वायर ती वायर रे. टेन्शन नको घेऊ. जा तू, प्रॅक्टिस कर."

चारुलता चपला घालता घालता म्हणाली, "अहो, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. मीटर लावून बघा."

"लाल म्हणजे लाल," मी म्हणालो. "आणि हिरवा म्हणजे हिरवा."

ती बाहेर पडली. दार मात्र जरा जोरात लागलं.

दुपारभर मी जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया केली. अण्णा समोर बसून बघत होते, त्यामुळे मी अधूनमधून "हं" आणि "अस्सं" म्हणत होतो. एका पिकअपला लाल, हिरवी, पांढरी, काळी अशा चार वायरी. दुसऱ्यालाही त्याच. झेरॉक्समध्ये सांगितलं तसं मी पहिल्याचं केलं, मग दुसऱ्याचंही डोळे मिटून तसंच केलं. (डोळे खरंच मिटले होते. सोल्डरचा धूर फार होता.) टेबलाच्या सनमायकावर दोन काळे ठिपके पडले, त्यावर मी लोणच्याची बरणी ठेवली.

मग परीक्षा. मला गिटार वाजवता येत नाही, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर टकटक केलं. पुढच्यावर टक, ॲम्प्लिफायरमधून टक. मागच्यावर टक, तिथेही टक. ऋषी आल्यावर त्याला सांगितलं, "एकदम पास." चारुलताला विचारायची सोय नव्हती. रात्री तिनेच विचारलं, "मीटर लावला?" तेव्हा मी बरणीतून लोणचं घेत होतो.

रविवारी चार वाजता सारसोळ्यात मांडव माणसांनी भरला होता. नवरीला हळद लागत होती. बँड कोपऱ्यात उभा. अण्णांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, आणि त्यांच्या शेजारी निकेशची आजी धोंडूबाई, हिरवं लुगडं, नाकात नथ आणि तोंडावर नाराजी.

"आमचे टायमाला हळदीला सनई व्हती," ती अण्णांना ऐकवत होती. "आता ह्यो डबा आनलाय. नुसता ढणढण करतंय."

"आमच्याकडंबी तेच चाललंय, आजी," अण्णा म्हणाले. दोघांची लगेच दोस्ती झाली.

पहिलं गाणं मागच्या पिकअपवर झालं. आवाज जाडजूड आणि भरदार होता. मी चारुलताकडे बघून भुवया उडवल्या. धोंडूबाईने कानावर पदर घेतला. अण्णांनी घड्याळ बघितलं.

दुसरं गाणं कोळीगीत. ऋषीने मोठा स्विच मध्ये आणला. म्हणजे दोन्ही पिकअप एकदम. आवाज दुप्पट भरदार होणार असं तो मला सांगून गेला होता.

त्याने तार छेडली आणि गिटारमधला अर्धाअधिक आवाज कुठेतरी निघून गेला. उरला तो नाकातला. बारीक, चिरका, सर्दी झाल्यासारखा. ऋषीने ॲम्पकडे बघितलं, मग वायरीकडे, मग माझ्याकडे. चारुलताही माझ्याकडेच बघत होती. मी मांडवाची झालर किती छान आहे ते बघत होतो.

"थांबू का?" ऋषीने ओठांनीच विचारलं.

तेवढ्यात धोंडूबाई उठून उभी राहिली.

"गो बाय! सनई! आता कशी सनई वाजली! वाजव रं पोरा, थांबू नको, हीच वाजव!"

ऋषी हुशार. त्याने हात आवरता घेऊन सूर लांबवायला सुरुवात केली, घसरत, हेलकावे देत. निकेशने ड्रमवर ताशाचा ठेका धरला. धोंडूबाईने पदर खोचला आणि नवरीच्या मावशांना ओढत मधोमध नाचायला लागली. माझी नजर अण्णांवर होती. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि डोळे पुसले.

"थोरल्या भावाच्या लग्नात असाच सनईवाला आला हुता," ते मला म्हणाले. "कुणाची करामत म्हणायची ही?"

"भाऊजींनी वायरिंग केलंय," गाणं संपवून आलेला ऋषी प्रामाणिकपणे म्हणाला.

आता खरं सांगायची संधी होती. मी घसा साफ केला.

"मुद्दामच तसं ठेवलं होतं. हळदीचा प्रसंग म्हणून."

चारुलताला ठसका लागला. तिला पाणी द्यावं लागलं.

अण्णा दुसऱ्या दिवशी एकटेच कराडला गेले. जाताना ऋषीला म्हणाले, "परीक्षा पास हो आन् वाजव." मला म्हणाले, "जावईबापू, मी तुम्हाला वळखलंच न्हाई." मी नम्रपणे मान खाली घातली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या हळदीची बातमी फिरली. पुढच्या रविवारी सकाळी पार्थ नावाचा एक मुलगा दारात हजर. त्याचाही बँड होता, त्यालाही हळदीचं काम मिळालं होतं, आणि त्याला ती "सनईवाली सेटिंग" हवी होती.

"अर्ध्या तासात देतो," मी म्हणालो.

त्याचे दोन्ही पिकअप नवे कोरे, एकाच कंपनीचे. मी तीच झेरॉक्स काढली आणि तंतोतंत तसंच जोडलं. पार्थने स्विच मध्ये आणून तार छेडली. आवाज स्वच्छ, गोल, भरदार आला.

"काका, ही तर बरोबर वाजतेय," तो हिरमुसला होऊन म्हणाला.

मी सगळं सोडवून पुन्हा जोडलं. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा तर आवाज आणखीच सुंदर आला. आयुष्यात पहिल्यांदा मला चूक करायची होती, आणि ती काही केल्या होईना.

चारुलता कणकेचे हात धुऊन आली. माझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न काढून घेतलं, मीटर लावला, एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली. कुकरच्या दोन शिट्यांमध्ये काम संपलं. पार्थने तार छेडली, आणि खोलीत सनई वाजली.

"त्या दिवशी रंग सारखे होते, पण कंपन्या दोन होत्या," ती त्याला शांतपणे समजावत होती. "त्यामुळे एक पिकअप उलटा जोडला गेला. दोघं एकमेकांचा आवाज खात होते. यात मुद्दाम काही नव्हतं हं."

पार्थने माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात कुकर बघायला गेलो.

आता रविवारी सकाळी बेल वाजते. मी दार उघडतो, आणि पाठीवर गिटार अडकवलेला कुणीतरी विचारतो, "मॅडम आहेत का?" मॅडम असतात. मला या धंद्यात एक काम दिलेलं आहे. मॅडम सोल्डर करायला बसल्या की शेजारी उभं राहून पुठ्ठ्याने धुरावर वारा घालायचा.

परवा डोळे चोळत तिने तेही काढून घेतलं. म्हणाली, "अहो, धूर माझ्याकडे येतोय."